गाडी मागे घेताना खांबाला अडकून वाकलेला दरवाजा : लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबावे

विदर्भातल्या खेड्यांत घरांची आवारे प्रशस्त असली तरी फाटके बहुधा जुन्या मापाची, म्हणजे एक बैलबंडी कशीबशी निघेल एवढ्या रुंदीची असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे किंवा सागाचे खांब रोवलेले असतात. चालक दरवाजा अर्धा उघडा ठेवून, मान बाहेर काढून गाडी मागे घेतो. दरवाजा खांबात अडकतो, गाडी हातभर मागे सरकते आणि दरवाजा समोरच्या मडगार्डवर उलटा दाबला जातो. कधी चालक फाटक उघडायला उतरतो आणि हँडब्रेक न ओढलेली गाडी उतारावर आपणहून मागे येते. उन्हाळ्याच्या शेवटी सुटणाऱ्या वाऱ्याने हातातून निसटलेला दरवाजाही कमी प्रमाणात, पण याच पद्धतीने वाकतो.

हा एकच बिघाड माझ्याकडे वर्षानुवर्षे येत आहे आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : खांबाने केलेले नुकसान मर्यादित असते, पण त्यानंतर चुकीच्या जागी केलेल्या ठोकाठोकीने ते दुप्पट होते. दरवाजा लॉकपाशी बसत नाही असे दिसते, म्हणून सगळे जण लॉकलाच हात घालतात. “भाऊ, लॉक थोडं ठोकून द्या, दार लागून जाईन,” ही विनंती मी नेहमी ऐकतो. प्रत्यक्षात वाक बहुतेक वेळा त्याच्या विरुद्ध टोकाला, बिजागरीपाशी असतो. शेताच्या फाटकाची कडी जुळेनाशी झाली की आपण कडीकडे न पाहता, फाटक ज्या खांबावर टांगले आहे तो कलला का, हे पाहतो. गाडीच्या दरवाजाबाबतही तीच दृष्टी ठेवावी लागते.

लक्षणे

खाली दिलेल्यांपैकी आपल्या दरवाजात कोणती लक्षणे आहेत, हे कागदावर लिहून ठेवावे, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या जागेकडे बोट दाखवते.

- दरवाजा लावताना शेवटच्या टप्प्यावर तो वर उचलावा लागतो आणि उघडताच मागचे टोक किंचित खाली उतरते. येथे वरच्या बिजागरीवर किंवा ती ज्या पिलरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या उभ्या पोलादी खांबावर, बसवली आहे त्यावर संशय घ्यावा.
- मडगार्डजवळची फट रुंद झाली आहे, मागची फट अरुंद झाली आहे आणि दरवाजाची मागची कड शेजारच्या पत्र्याला घासून रंग काढते. दोन्ही बिजागऱ्या उघडल्या गेल्याचे हे चिन्ह आहे.
- दरवाजा खालून नीट बसतो, पण काचेभोवतीच्या चौकटीचा वरचा कोपरा छतापासून बाहेर राहतो. रस्त्यावर वेग घेतला की वाऱ्याची शिट्टी वाजते आणि धूळ आत येते. येथे चौकट वाकली आहे.
- दरवाजा कितीही जोराने लावला तरी तो उसळून परत येतो. हे लक्षण पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात, आणि पुष्कळदा त्याचा उपाय फुकट असतो.
- दरवाजा अर्ध्यावर थांबत नाही, सरळ मडगार्डला जाऊन लागतो, किंवा उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. दरवाजाला मर्यादेबाहेर उघडू न देणारी आतली स्टॉपर पट्टी तुटली किंवा उपटली आहे.
- दरवाजा लागलेला दिसतो, तरी आतला दिवा जळत राहतो किंवा दरवाजा उघडा असल्याची सूचना समोर दिसते. लॉक अर्धेच लागले आहे किंवा स्विच दाबला जात नाही.
- काच वर जाताना तिरकी होते, अडते किंवा खिडकीची मोटर कुरकुरते.

याबरोबरच टक्कर झाली तेव्हा गाडी कोणत्या दिशेने चालली होती, हेही आठवावे. गाडी मागे जात असेल तर खांब दरवाजाच्या आतल्या बाजूला लागतो आणि दरवाजा त्याच्या मर्यादेपलीकडे उघडला जातो. त्यामुळे आधी स्टॉपर पट्टी ताणली जाते, मग दरवाजाची समोरची कड मडगार्डवर टेकते आणि त्या टेकूवर बिजागऱ्या पिलरपासून उपटल्यासारख्या ओढल्या जातात. गाडी पुढे जात असेल तर खांब बाहेरून लागतो आणि दरवाजा बंद होण्याच्या दिशेने ढकलला जातो. अशा वेळी बाहेरचा पत्रा चेपतो, मागची कड मुडपते, परंतु बिजागऱ्या पुष्कळदा वाचतात. एवढ्या एका माहितीवरून अर्धी तपासणी वाचते, म्हणून गाडी दुरुस्तीला देतानाही ती न लाजता सांगावी.

हात लावण्यापूर्वी

दरवाजा जोराने आपटून लावण्याचा मोह आवरावा. वाकलेला दरवाजा आपटला की लॉकचा जबडा स्ट्रायकरच्या, म्हणजे पिलरवरच्या ज्या आकड्यात लॉक अडकते त्याच्या, कडेवर बसतो आणि तोपर्यंत शाबूत असलेले लॉक मोडते.

चारही बाजूंनी, बिजागरीच्या आतून आणि ज्या खांबाला गाडी लागली त्या खांबासह छायाचित्रे काढावीत. गाडीला सर्वसमावेशक विमा असेल, तर दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी कंपनीला कळवावे लागते आणि सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी बोल्ट सैल केला तर दावा अडचणीत येतो. केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास स्वतःच्या दरवाजाचा खर्च त्यातून मिळत नाही. दावा करणे परवडेल का, याचा हिशेबही येथेच करावा : दावा न केल्यास नूतनीकरणाच्या वेळी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे २५, ३५, ४५ अशी वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि एका दाव्याने ती सूट जाते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात, आणि घसारा माफ करणारे जोडसंरक्षण घेतलेले नसेल तर रबर व प्लास्टिकच्या भागांचा निम्माच खर्च मिळतो. त्यामुळे बिजागरी आणि रबर एवढ्यावर काम भागणार असेल तर दावा न करणेच बहुधा हिताचे ठरते. पिलर किंवा पूर्ण दरवाजा गेला असेल तर मात्र दावा करावाच.

पहिली तपासणी : लॉक उघड्या दरवाजातच बंद झाले आहे का

यासाठी केवळ एक पेचकस लागतो. दरवाजाच्या मागच्या कडेवर लॉकचा जबडा दिसतो. खांबाचा धक्का बसताना किंवा कोणी उघड्या दरवाजाचे लॉक चाचपताना हा जबडा फिरून बंद स्थितीत जातो; मग त्यात स्ट्रायकर शिरायला जागाच उरत नाही आणि दरवाजा उसळून परत येतो. जबडा बंद दिसत असेल तर बाहेरचे हँडल ओढून धरावे आणि पेचकसाच्या टोकाने जबडा हळूच बाहेर फिरवावा. तो मोकळा झाल्यावर पेचकसाची दांडी जबड्यात दाबून पाहावी : निरोगी लॉक दोनदा ‘कट्’ करते, पहिल्यांदा अर्धे आणि दुसऱ्यांदा पूर्ण लागते, आणि हँडल ओढताच सुटते. बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही हँडलांनी ते सुटते का, हे दरवाजा लावण्यापूर्वीच पाहावे, नाहीतर दरवाजा लागेल आणि मग उघडणार नाही.

आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाचे तंतू लॉकच्या जुन्या ग्रीसमध्ये बसून त्याचा घट्ट लगदा होतो. तो रॉकेलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून काढावा, मात्र रॉकेल रबराला लागू देऊ नये, कारण रबर फुगते. त्यानंतर ग्रीसचे पातळ बोट पुरे. जास्त थापले तर पुन्हा तीच धूळ धरते.

दुसरी तपासणी : फटी मोजणे

बहुतेक मोटारींत दरवाजाभोवतीची फट ४ ते ५ मिलीमीटर, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या भाषेत सुमारे दीड सूत असते. मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवून, न वाकलेल्या बाजूच्या दरवाजाच्या फटीत ते अलगद बसतील एवढी जाडी करावी आणि तोच पुठ्ठा वाकलेल्या बाजूला सहा ठिकाणी सरकवून पाहावा : समोर वर आणि खाली, मागे वर आणि खाली, तसेच छताजवळ दोन जागी. कारखान्याचे माप माहीत नसले तरी चालते, कारण दुसरी बाजू हेच आपले माप असते.

या मोजणीला इतके महत्त्व का, ते आकड्यांत सांगतो. समजा, वरच्या आणि खालच्या बिजागरीत ४० सेंटीमीटरचे अंतर आहे आणि दरवाजा १ मीटर लांब आहे. वरची बिजागरी केवळ १ मिलीमीटर बाहेर ओढली गेली, तर मागच्या टोकाला दरवाजा सुमारे अडीच मिलीमीटर, म्हणजे पाऊण सूत खाली बसतो. बिजागरीजवळचा १ मिलीमीटर डोळ्यांना दिसत नाही, पण लॉकजवळचे पाऊण सूत सर्वांना दिसते, आणि म्हणूनच सगळे लॉकला दोष देतात. समोरची वरची फट रुंद आणि मागचे टोक खाली अशी जोडी दिसली की वरच्या बिजागरीशिवाय दुसरीकडे पाहण्याचे कारण उरत नाही.

तिसरी तपासणी : रबर

फटी ठीक आहेत, पण धूळ आणि पाणी आत येते, अशा वेळी दरवाजाभोवतीचे रबर पाहावे. धक्क्याने ते आपल्या कडेवरून निसटते आणि हाताने दाबून परत बसवता येते. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून दरवाजा लावावा आणि पट्टी ओढावी. प्रत्येक ठिकाणी थोडा विरोध जाणवला पाहिजे. जिथे पट्टी सहज निसटते तिथे रबर चपटे झाले आहे किंवा चौकट बाहेर आहे. ज्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे अंगणात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर लवकर कडक होते, म्हणून जुन्या गाडीत ते बदलणेच योग्य.

चौथी तपासणी : दरवाजा उचलून पाहणे

माझ्या मते सर्वांत जास्त माहिती देणारी तपासणी हीच आहे, आणि तिला एकही रुपया लागत नाही. दरवाजा अर्धा उघडावा, एकाने मागच्या टोकाला खालून दोन्ही हात घालून तो हळूहळू वर उचलावा आणि खाली सोडावा, आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात बिजागऱ्यांकडे पाहावे. हालचाल होते आहे हे पुरेसे नाही. ती नेमकी कुठे होते, हे पाहायचे आहे.

बिजागरीची दोन पाने पिनेभोवती हलत असतील तर पिन किंवा तिची बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती बारीक नळी, झिजली आहे. संपूर्ण बिजागरीच पिलरवर सरकत असेल तर बोल्ट सैल आहेत आणि ते आवळल्यावर काम होण्याची शक्यता आहे. बिजागरी घट्ट आहे, पिन घट्ट आहे, आणि तरीही तिच्यामागचा पिलरचा पत्रा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होत असेल, तर मात्र हात काढून घ्यावा, कारण आतले वेल्डचे टाके सुटले आहेत आणि हे घरचे काम राहिलेले नाही. बिजागरीभोवतीच्या सीलंटला बारीक भेग पडली आहे का आणि बोल्टच्या डोक्यावरचा रंग फुटला आहे का, हेही याच वेळी पाहावे. रंग आणि सीलंट फार ताणले जात नाहीत; त्यांना भेग पडली म्हणजे खालचा पत्रा हलला आहे.

स्टॉपर पट्टीही येथेच दिसते. ती दरवाजाच्या आतून निघून दोन बिजागऱ्यांच्या मध्ये पिलरला जोडलेली असते. पट्टी वाकली असेल तर ती बदलता येते आणि खर्च फार नसतो; पण तिने पिलरचा पत्रा फाडला असेल तर वरचाच नियम लागू होतो. तुटलेल्या पट्टीची गाडी तशीच वापरू नये, कारण पुढच्या वेळी केवळ वाऱ्यानेही दरवाजा बिजागरीसह मडगार्डवर जाईल.

एक सरळ लाकडी किंवा लोखंडी पट्टी दोन्ही पिनांच्या बाजूला उभी टेकवून पाहावी. दोन्ही पिना एकाच रेषेत असल्या पाहिजेत. त्या नसतील तर दरवाजा मध्येच जड होतो किंवा आपणहून फिरतो, आणि अशा दरवाजाच्या नव्या बुशदेखील लवकरच झिजतात. येथे ओळंबा वापरू नये, कारण पिनांची रेषा मुळातच किंचित कललेली असू शकते. तुलना दुसऱ्या बाजूच्या दरवाजाशीच करावी.

पाचवी तपासणी : स्ट्रायकर, आणि तोही शेवटचा उपाय म्हणून

मधल्या पिलरवर यू आकाराचा जो जाड आकडा असतो तो स्ट्रायकर. तो दोन बोल्टांवर बसलेला असतो आणि थोडा वर-खाली, आत-बाहेर सरकतो. तो सरकवला की दरवाजा लागतो, म्हणूनच घाईत त्याचा गैरवापर होतो. खाली बसलेल्या दरवाजासाठी स्ट्रायकर खाली आणला तर दरवाजा लागेल हे खरे, परंतु त्याच्या फटी तशाच राहतील, कड घासत राहील, रबर एका कोपऱ्यात दाबले जाईल आणि दुसऱ्या कोपऱ्यातून जुलैच्या पावसात पाणी गळत राहील. स्ट्रायकरने दरवाजा वर उचलायचा नसतो. बिजागरीने दरवाजा जागेवर आणल्यावर (ते काम सातव्या तपासणीत दिले आहे) तो शेजारच्या पत्र्याच्या पातळीत येण्यासाठी शेवटची बारीक जुळवणी तेवढी स्ट्रायकरने करायची असते.

जुळवणी करायचीच असेल तर आधी स्ट्रायकरच्या तळाभोवती बारीक मार्करने रेघ ओढावी, म्हणजे काही बिघडले तर मूळ जागी परतता येते. स्ट्रायकरवर ओला खडू घासावा, दरवाजा हळूच टेकवावा आणि जबड्याचा ठसा कुठे उमटतो ते पाहावे. ठसा मधोमध असेल तर स्ट्रायकरला काही झालेले नाही. अनेक गाड्यांत या बोल्टांना चांदणीच्या आकाराचा बिट लागतो, बहुधा टी-४० मापाचा. साध्या पेचकसाने जोर केला तर बोल्टाचे डोके गोल होते आणि मग छिद्र पाडूनच तो काढावा लागतो. दोन्ही बोल्ट एकाच वेळी पूर्ण काढू नयेत, कारण काही गाड्यांत आतली आट्यांची पट्टी सुटी असते आणि ती पिलरच्या पोकळीत पडली की बाहेर काढताना अर्धा दिवस जातो.

सहावी तपासणी : काचेभोवतीची चौकट

खालचा भाग नीट बसतो आणि वरचा कोपरा बाहेर आहे, अशी खात्री झाली असेल तरच हे करावे. काच पूर्ण खाली घ्यावी. दरवाजाच्या मागच्या कडेला, लॉकच्या थोडे खाली, फडक्यात गुंडाळलेला लाकडी ठोकळा दरवाजा आणि पिलरच्या मध्ये धरावा, दरवाजा त्यावर टेकवावा आणि चौकटीचा वरचा कोपरा तळहातांनी आत दाबावा. पोलाद काही अंशी मूळ जागेकडे परतते, म्हणून हव्या त्या जागेच्या किंचित पुढे दाबावे लागते. परंतु एका वेळी सूतभराहून अधिक जोर करू नये आणि प्रत्येक वेळी ठोकळा काढून, दरवाजा लावून, कागदाची पट्टी ओढून पाहावी. चौकटीच्या खालच्या सांध्यावर रंग फुटताना दिसला की लगेच थांबावे. तेथे पत्र्याला घडी पडू लागते आणि घडी पडलेला पत्रा दुसऱ्यांदा सरळ होत नाही.

सातवी तपासणी : बिजागरीचे बोल्ट आणि बिजागरी बदलणे

येथून पुढे दोन माणसे, जॅक, लाकडी फळी आणि पुरता वेळ हवा. काच आणि आतल्या भागांसह समोरच्या दरवाजाचे वजन २० किलोंच्या पुढे जाऊ शकते, आणि आधार न देता बोल्ट सैल केला तर तो पायावर तरी पडतो किंवा मडगार्ड तरी चेपतो. बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे, कारण पिलरमधून दरवाजात जाणारी तारांची जुडी धक्क्याने सोलली गेलेली असू शकते. तिचे रबरी आवरण सरकवून तारा डोळ्यांनी तपासाव्यात. जॅकवर फळी आणि फळीवर जाड गोणपाट ठेवून दरवाजाला खालून नुसता आधार द्यावा, बोल्ट सैल करेपर्यंत उचलू नये.

बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ ओढून मगच बोल्ट सैल करावेत, तेही एका वेळी एकाच बिजागरीचे. मागचे टोक खाली असेल तर वरच्या बिजागरीचे बोल्ट हाताने फिरतील एवढे सैल करून, जॅकने दरवाजाचे टोक किंचित वर घेऊन पुन्हा आवळावेत आणि फटी मोजाव्यात. वरच्या जागी थोडेसेच सरकवले तरी मागे अडीच पट फरक पडतो, हे लक्षात ठेवले म्हणजे हात आपोआप हलका राहतो.

वाकलेली बिजागरी ठोकून सरळ करावी का, असे नेहमी विचारले जाते. माझे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे, आणि गॅसवर लाल करून सरळ करण्याला तर मी स्पष्ट विरोध करतो. बिजागरीचे पोलाद तापवून वाकवले की त्याची ताकद भरवशाची राहत नाही, पिनेचे छिद्र अंडाकृती होते, आणि याच बिजागरीवर अपघाताच्या वेळी दरवाजा बंद राहणे अवलंबून असते. दोन पानांमध्ये लाकडाची पाचर धरून दरवाजा दाबण्याची गावठी रीतही प्रचलित आहे. तिने दरवाजा कधीकधी बसतो, पण जोर नेमका कुठे लागला हे कळत नाही आणि पुष्कळदा बिजागरीऐवजी पिलर आत दबतो. पूर्ण दरवाजाच्या तुलनेत नवी बिजागरी स्वस्त असते. ती बोल्टवर बसणारी असेल तर जुन्या बिजागरीच्या रेघेवर बसवावी. वेल्ड केलेली असेल तर काम कार्यशाळेत द्यावे.

बाहेरचा पत्रा

दरवाजा जागेवर बसल्याशिवाय पत्र्याकडे वळू नये. आधी रंगकाम आणि नंतर बिजागरी असे केले तर नवा रंग पहिल्याच दिवशी घासला जातो. उथळ, घडी नसलेला चेप मोरी तुंबल्यावर वापरतात तशा ओल्या रबरी पंपाने ओढून कधीकधी निघतो. उन्हात तापवून पोलादी पत्र्याचा चेप आपणहून निघत नाही. आतून हातोडी मारण्यापूर्वी मधली आडवी नळी कुठे आहे हे पाहावे : बाजूने धडक बसल्यास आतल्या माणसाला वाचवण्यासाठी ती बसवलेली असते आणि तिला टेकू मानून ठोकणे धोक्याचे आहे. जास्त ठोकलेला पत्रा ताणला जातो आणि मग बोटाने दाबला तरी डब्याच्या झाकणासारखा वाजत राहतो.

आतले आवरण काढले असेल तर त्यामागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद जपून काढावा आणि तसाच परत चिकटवावा. काचेवरून ओघळणारे पाणी दरवाजाच्या पोटात नेहमीच जाते आणि खालच्या छिद्रांतून बाहेर पडते. ते आपल्या पायांशी येऊ नये म्हणून हा कागद असतो. दुरुस्तीनंतर पावसात पायाखाली पाणी साचते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत हा कागद फाडून फेकलेला सापडतो, आणि मालक मात्र नवे रबर घेऊन आलेला असतो. खालची छिद्रे चिखलाने बुजली असतील तर तीही काडीने मोकळी करावीत.

रंग फुटून पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यापूर्वी तेवढ्या जागी पॉलिश पेपर मारून प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा. खालची दुमडलेली कड विशेष पाहावी, कारण गंज तिथूनच आत शिरतो. हे काम मे महिन्यात करायचे असेल तर सकाळी लवकर, सावलीत करावे. तापलेल्या पत्र्यावर रंग नीट पसरण्यापूर्वीच वाळतो.

कुठे थांबावे

पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तर पाने खाली ठेवावेत आणि गाडी जाणकाराकडे द्यावी : पिलरचा पत्रा हलतो आहे किंवा फाटला आहे, बिजागरीमागे वेल्डचे टाके सुटले आहेत, दरवाजातली आडवी नळी वाकली आहे, समोर एअरबॅगचा दिवा जळतो आहे, तारा उघड्या पडल्या आहेत, किंवा सर्व जुळवणी करूनही लॉक दुसऱ्या टप्प्यापर्यंत लागत नाही. एअरबॅगच्या दिव्याबाबत अंदाज करूच नये, कारण काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव करून देणारा सेन्सर दरवाजाच्या आतच असतो आणि मीटर लावून त्या तारा तपासणे जिवावर बेतू शकते. सरकत्या दरवाजाच्या गाड्यांना वर लिहिलेले बिजागरीचे काहीच लागू होत नाही. त्यांची रूळपट्टी वाकली असेल तर ती थेट दाखवावी.

पिलर ओढण्याचे काम गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात करून घेऊ नये. तो कारागीर नांगर, वखर आणि ट्रॉली उत्तम जोडत असेल, परंतु गाडीचा सांगाडा मापावर ओढण्यासाठी गाडी जखडून धरणारा बाक आणि मापे लागतात. त्यासाठी नागपूर, अमरावती, अकोला किंवा चंद्रपूर अशा शहरातल्या बॉडी दुरुस्तीच्या कार्यशाळेत आधी फोन करून, पिलर ओढण्याचे यंत्र आहे का, असे स्पष्ट विचारावे. नुसते ‘डेंटिंग-पेंटिंग होते’ हे उत्तर पुरेसे मानू नये. दरवाजा फार मुडपला असेल तर भंगार बाजारातला त्याच मॉडेलचा संपूर्ण दरवाजा घेणे पुष्कळदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. तो घेताना पत्र्यावर चुंबक फिरवून पाहावे. जिथे चुंबक नीट धरत नाही तिथे जाड पुट्टी भरलेली असते.

लॉक न लागणाऱ्या दरवाजाची गाडी दोरीने बांधून तालुक्यापर्यंत न्यायची वेळ आलीच, तर त्या बाजूच्या आसनावर कोणालाही बसवू नये. चालकाचाच दरवाजा लागत नसेल तर गाडी चालवू नये, ओढून न्यावी.

काम झाल्यावर दरवाजा पुन्हा पुन्हा उघडून-लावून पाहावा, काच वर-खाली करावी, सर्व कुलपे तपासावीत आणि आतला दिवा विझतो याची रात्रीच्या अंधारात खात्री करावी, कारण तो जळत राहिला तर सकाळी बॅटरी उतरलेली असते. मग पाण्याची नळी छतावरून दरवाजावर सोडून आत हात फिरवून पाहावा. बिजागरीचे बोल्ट आठवडाभर खडबडीत रस्त्यावर गाडी चालल्यानंतर पुन्हा एकदा आवळावेत आणि त्याच वेळी तोच पुठ्ठा घेऊन सहाही जागच्या फटी मोजाव्यात. मागची खालची फट पुन्हा बदललेली असेल तर पिलरची तपासणी नव्याने करावी लागेल.